किरकोळ कारणावरून

(एका अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर. कागदावर उतरवताना बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



मला सांगितलं होतं, वर्तमानपत्रांच्या भाषेवर बोला. आता वर्तमानपत्राची भाषा म्हणजे समुद्र. त्यात उतरलो तर तुमची शेवटची लोकल चुकेल नि माझीही. म्हणून मी एकच शब्द घेऊन आलोय. आठवडाभर घरी येतील ते पेपर घेतले, कात्री घेतली नि हा शब्द दिसेल तिथं कापत गेलो. हे बघा पाकीट. भरलंय.

शब्द आहे 'किरकोळ'.

हसलात. हसा. शब्दच तसा आहे, ऐकला की माणूस सैल होतो. पण मी गेली पंचवीस-सव्वीस वर्षं ह्या एका शब्दाला घाबरतोय, नि का घाबरतोय ते सांगायला उभा आहे. आधी पाकीट रिकामं करू.

पहिलं कात्रण अर्थपानावरचं. 'किरकोळ महागाईचा दर'. इथं किरकोळ म्हणजे बाजारात तुम्ही-आम्ही घेतो ती पावशेर डाळ, अर्धा लिटर तेल. घाऊकच्या उलट ते किरकोळ. हा किरकोळ फार मोठा साहेब आहे. २०१६ पासून रिझर्व्ह बँकेला कायद्याने नेमून दिलंय की हा दर चार टक्क्यांच्या आसपास राखा, दोन टक्के वर, दोन टक्के खाली, एवढीच मोकळीक. त्याच्यावरून व्याजाचे दर हलतात, सरकारला घाम फुटतो. २०११ च्या नोव्हेंबरात ह्याच किरकोळ व्यापारात परदेशी भांडवल येऊ द्यायचं की नाही ह्यावरून दिवसामागून दिवस संसद ठप्प झाली, डिसेंबरात निर्णय गुंडाळून ठेवावा लागला, नि पुढच्या सप्टेंबरात एकावन्न टक्क्यांना दार उघडलं. तेव्हाचे पेपर काढा. पहिल्या पानावर आठ-आठ कॉलम 'किरकोळ'.

दुसरं कात्रण शेअरबाजाराचं. 'किरकोळ गुंतवणूकदारांची पसंती'. हा किरकोळ माणूस कोण? नव्या कंपनीचे शेअर बाजारात येतात तेव्हा दोन लाखांपर्यंत अर्ज करणारा वैयक्तिक गुंतवणूकदार. सेबीच्या नियमात बसवलेला आकडा आहे. आमच्या चाळीत दोन लाख एका वेळी एका हातात बघितलेला माणूस मला आठवत नाही. तिथं तो किरकोळ. म्हणजे हा शब्द मापाचा आहे, नि माप कोणाचं हे आधी विचारावं लागतं.

तिसरं. 'मंत्र्यांवर किरकोळ शस्त्रक्रिया'. पहिल्या पानावर, फोटोसकट. इस्पितळाच्या पायरीवर कार्यकर्ते, हातात फुलांचे गुच्छ. किरकोळ असूनही छापलंय, नि ठळक छापलंय. किरकोळ म्हणजे छापायच्या लायकीचं नाही असं कोणी म्हणेल तर त्याला हे कात्रण दाखवा. किरकोळ काय आहे त्यापेक्षा ते कोणाचं आहे, ह्याला भाव आहे.

मग बारीकसारीक. 'मंत्रिमंडळात किरकोळ फेरबदल'. 'सेन्सेक्समध्ये किरकोळ घसरण'. 'किरकोळ फरकाने पराभव'. मास्तर लोकांची 'किरकोळ रजा'. 'किरकोळ प्रकार वगळता मतदान शांततेत'. हे शेवटचं जरा थांबून वाचा. दर निवडणुकीला येतं. वगळलेले किरकोळ प्रकार कुठल्या गावात, कुठल्या वस्तीत झाले, कोणाला रांगेतून बाहेर काढलं, कोणाच्या बोटाला शाई आधीच लागली, ते त्या 'वगळता'मध्ये गेलं. शांतता मात्र मथळ्यात आली.

आपल्यालाही सोडत नाही मी. 'ऐक्याच्या बोलणीत किरकोळ मतभेद'. रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ ला झाला. तेव्हापासून त्याचे किती तुकडे झाले ते मोजायला बसलो तर अभ्यासवर्ग दोन दिवस चालवावा लागेल, आणि प्रत्येक तुकडा पडायच्या आदल्या दिवशी आपल्याच पुढाऱ्यांनी पेपरवाल्यांना 'किरकोळ मतभेद आहेत' असंच सांगितलंय. असो.

ह्या सगळ्यांच्या खाली, पाकिटात सगळ्यात जास्त कात्रणं ज्याची आहेत ते: 'किरकोळ कारणावरून'. किरकोळ कारणावरून मारहाण. किरकोळ कारणावरून दोन गटांत हाणामारी. किरकोळ कारणावरून तरुणाचा खून. हे वाक्य इतकं रुळलंय की डोळा त्यावरून घसरतो. तुम्ही कधी उलटं वाक्य वाचलंय? 'मोठ्या कारणावरून तरुणाचा खून'? 'योग्य कारणावरून खून'? मी नाही वाचलं. मग 'किरकोळ' हा शब्द तिथं काय काम करतो? माणूस मेला आहे. मारणारा कोण, मेलेला कोण, भांडण कशाचं, हे लिहायला चार ओळी लागतात. 'किरकोळ कारणावरून' ह्या दोन शब्दांत त्या चार ओळी मिटतात. आणि कारण किरकोळ आहे हे कोणी ठरवलं तेही लिहावं लागत नाही. 'वरून' ह्या प्रत्ययाला कर्ता लागत नाही. झाडावरून फळ पडावं तसा कारणावरून खून पडतो.

शब्दाचं घराणं बघितलं. मराठीत त्याचे अर्थ सुटं, थोडंथोडं, फुटकळ, बिनमहत्त्वाचं असे. पण शेजारी कानडीत बघा. कानडीत 'किरु' म्हणजे लहान. नि 'किरुकुळ' असा एक शब्द कानडी पेपरांत आजही रोज छापून येतो. त्याचा अर्थ ठाऊक आहे? छळ. हुंड्यासाठी छळ झाला तर तिथं किरुकुळ. बाईला कामाच्या जागी त्रास दिला तर किरुकुळ. दोन शब्द एकाच घरचे दिसतात. सोलापूर, कोल्हापूरची पोरं असतील इथं, त्यांनी कानडी मित्रांना विचारून बघावं. तिकडे जो छळ तो इकडे येईस्तोवर किरकोळ झाला. मी भाषाशास्त्रज्ञ नाही, त्यावरून मोठा सिद्धांत उभारणार नाही. पण ज्या रात्री मला हे कळलं त्या रात्री झोप लागली नाही. का, ते आता सांगतो.

१९९८ चा उन्हाळा. मी एका दैनिकात उपसंपादक होतो, नवाच. जिल्ह्याच्या डाक आवृत्तीचं पान माझ्याकडे. पेपरचं नाव सांगत नाही, गावाचंही सांगत नाही. तेव्हा तालुक्याच्या वार्ताहरांची कॉपी फॅक्सने यायची नाहीतर एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती पाकिटातून. वार्ताहर म्हणजे कोण हे तुम्हाला माहीत हवं. त्याला पगार नसतो. छापून आलेल्या मजकुराचे कॉलम सेंटिमीटरवर पैसे, तेही दिले तर. पोट चालतं ते जाहिरातींच्या कमिशनवर. जाहिरात देतो कोण? सरपंच, साखर कारखान्याचा संचालक, पतपेढीचा अध्यक्ष. वाढदिवस, नियुक्ती, अभिनंदन. ज्याची जाहिरात घ्यायची त्याच्याविरुद्ध बातमी द्यायची म्हणजे आपल्याच ताटात माती कालवायची.

तरी त्या वार्ताहराने बातमी पाठवली होती. दीड पान, निळ्या शाईत, हातानं. बौद्धवाड्यातला हातपंप आटलेला. वरच्या आळीतला चालू. एक पोरगा, विशीतला, सकाळी घागर घेऊन तिकडे गेला. एक भरली. दुसरी भरताना तिघांनी धरला. हातपंपाच्या दांड्यावर तोंड आपटलं. पुढचे दोन दात पडले. घागर फोडली. संध्याकाळी वाड्यात येऊन सांगून गेले की परत दिसलात तर बघा. पोलिसांत गेला, पोलिसांनी एनसी घेतली. हे सगळं त्यानं लिहिलं होतं, आडनावांसकट. नि समासात वेगळ्या अक्षरात, घाईघाईने: 'माझे नाव छापू नये.'

माझ्याकडे पानावर सात ओळींची जागा उरली होती. रात्रीचे साडेदहा. सव्वाअकराला पान सोडायचं. कायद्याची भीती असते, जातीचं नाव घातलं की वरून फोन येतो, म्हणून रीतीप्रमाणे पोलीस ठाण्याला फोन लावला. तिकडून ठाणे अंमलदार म्हणाला, "काही नाही हो, किरकोळ कारणावरून बाचाबाची. एनसी घेतलीय. किरकोळ लागलंय एकाला." मी लिहिलं:

'हाणामारीत एक जखमी. किरकोळ कारणावरून झालेल्या हाणामारीत एक तरुण किरकोळ जखमी झाला. पोलिसांत नोंद करण्यात आली आहे.'

पाच ओळी झाल्या. दोन ओळी वाचल्या. तिथं पावसाच्या अंदाजाची बातमी टाकली.

आता पुढचं ऐका. प्रूफ वाचायला गेलं. आमचे मुद्रितशोधक जुने, काटेकोर, शुद्धलेखनाचा देवमाणूस. ते प्रूफ घेऊन माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "एका वाक्यात दोनदा किरकोळ आलंय. खटकतं. एक काढू का?" मी म्हणालो, "काढा." त्यांनी दुसऱ्या किरकोळवर काट मारली. सौंदर्यदृष्टी म्हणून. मग बातमी अशी गेली की किरकोळ कारणावरून झालेल्या हाणामारीत एक तरुण जखमी. त्या रात्री त्या इमारतीत त्या बातमीवर झालेली चर्चा एवढीच. दोनदा आला म्हणून.

आठ-दहा दिवसांनी तो पोरगा आला. एसटीने, चार तास. कात्रण खिशात, चौघडी घातलेलं, घामानं मऊ झालेलं. शिपायानं माझ्याकडे पाठवला. बोलला की हवा सुटायची, पुढचे दात नव्हते. कात्रण टेबलावर उलगडलं नि बोट ठेवलं. म्हणाला, "साहेब, हे किरकोळ कुणी लिवलं?"

मी म्हणालो, "काय झालं?"

"नाही, इचारतोय. किरकोळ कोन्तं? पानी, का दात?"

मी काहीतरी बोललो. जागा नसते, पोलिसांची माहिती असते, आम्ही दोन्ही बाजू बघतो. आम्ही जे बोलतो ते. तो ऐकत होता. ऐकता ऐकता त्याची नजर टेबलाच्या काचेकडे गेली. काचेखाली मी बाबासाहेबांचा फोटो ठेवलेला. त्यानं फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. कात्रणाची घडी घातली, खिशात ठेवलं. जयभीम घातला नि गेला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

हातपंपाचं पाणी. मित्रहो, मी तर शिकलेला माणूस. दर मार्चमध्ये महाडला जाणाऱ्यांतला. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर काय झालं? माणसं ओंजळभर पाणी प्याली. मग वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठवून त्यांना मुक्कामावर, जेवणाच्या पंगतीत गाठून झोडपलं. नंतर एकशे आठ घागरी ओतून तळं शुद्ध करून घेतलं. ती बातमी माझ्या त्या पानावर आली असती, नि पोलिसांना फोन लावला असता, तर मी काय लिहिलं असतं? 'महाडात पाणी पिण्याच्या किरकोळ कारणावरून दोन गटांत हाणामारी.' लिहिलं असतं. सव्वाअकराला पान सोडायचं असतं.

ह्याचसाठी बाबासाहेबांना स्वतःचे पेपर काढावे लागले. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२०, 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७, महाडनंतर पंधरवड्यात. 'मूकनायक' निघतोय एवढी जाहिरात पैसे देऊन छापा म्हटलं तर 'केसरी'नं ती छापली नाही. पैसे देऊनही जागा नाही, हा अनुभव शंभर वर्षांचा आहे.

आता कायद्याकडे येऊ, कारण तुमच्यातली निम्मी पोरं ह्यातच अडकतात. कायद्यात 'किरकोळ जखम' असा प्रकारच नाही. भारतीय दंड संहितेत दोनच होते, साधी दुखापत नि गंभीर दुखापत. कलम ३२० मध्ये गंभीर म्हणजे काय त्याची आठ कलमी यादी. एका डोळ्याची दृष्टी जाणं, एका कानाने ऐकू न येणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं वगैरे. त्या यादीत सातवं काय आहे? हाड किंवा दात मोडणं किंवा निखळणं. दात! १८६० पासून लिहिलेलं. आठवं होतं वीस दिवस तीव्र वेदना किंवा नेहमीची कामं करता न येणं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या ११६ व्या कलमात तीच यादी आहे, वीसचे पंधरा दिवस झालेत. दात जिथं होता तिथंच आहे.

म्हणजे त्या पोराची जखम पहिल्या दिवसापासून कायद्याने गंभीर होती. दखलपात्र गुन्हा होता. अंमलदारानं साधी दुखापत लावून अदखलपात्र केला, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपासच नाही. शिवाय १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा ३० जानेवारी १९९० पासून लागू होता. तो कोणी काढलाच नाही. अंमलदाराच्या तोंडचा किरकोळ मी फोनवर ऐकला, कागदावर उतरवला, हजारो प्रतींत छापून त्याला परत दिला. उद्या कोणी वरिष्ठानं विचारलं तर त्याच्या हातात पेपर होता. बघा, पेपरवाल्यांनीही किरकोळच म्हटलंय. पेपरचं कात्रण कोर्टात पुरावा होत नाही, हे खरं. पण कोर्टाच्या आधी जे दहा दरवाजे असतात त्यातला प्रत्येक दरवाजा कात्रण बघूनच उघडतो की बंद होतो.

आणि 'कारण' ह्या शब्दाला ह्या कायद्यात किंमत आहे, हे नीट समजून घ्या. दहा वर्षांहून कमी नाही अशा शिक्षेचे मोठे गुन्हे, खून वगैरे, ह्या कायद्याखाली आणायचे तर मूळ कलमात अशी अट होती की तो गुन्हा माणूस अनुसूचित जातीचा आहे 'ह्या कारणावरून' झाला असं सिद्ध व्हावं. कारणावरून! हाच प्रत्यय. आरोपीचा वकील उभा राहून काय म्हणतो? जातीचं कारण नाही, बांधाचं आहे. पाण्याचं आहे. जुना वाद आहे. किरकोळ कारण आहे. २०१५ ला दुरुस्ती झाली, २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, तेव्हा 'कारणावरून'च्या जागी 'जात माहीत असताना' असं आलं, नि साधी दुखापतसुद्धा कायद्याच्या अनुसूचीत बसली. तोवर पंचवीस वर्षं किती खटले त्या 'कारणा'वर घसरून पडले.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका. भोतमांगे कुटुंबातले चार जण, आई, मुलगी, दोन मुलगे, गावानं मिळून मारले. सुरुवातीच्या दिवसांत ती बातमी काय म्हणून आली? 'अनैतिक संबंधा'ची कुजबुज म्हणून, गावकऱ्यांचा राग म्हणून, आतल्या पानावर. महिनाभर महाराष्ट्राला पत्ता नाही. नोव्हेंबरात आपली माणसं रस्त्यावर उतरली तेव्हा त्याच पेपरांना जाग आली, ती मेलेल्यांसाठी कमी नि फुटलेल्या काचांसाठी जास्त. २००८ च्या सप्टेंबरात भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठ जणांना दोषी धरलं, पण अत्याचाराचा कायदा लागला नाही. २०१० ला नागपूर खंडपीठातही नाही. त्या घराची जमीन होती, तिच्यातून रस्ता हवा होता, मुलगी शिकत होती, सायकलवरून जात होती, आई ताठ बोलत होती. ह्यातलं एकेक सुटं करून ठेवा, किरकोळ विक्रीसारखं, पुड्या बांधून. रस्ता किरकोळ. सायकल किरकोळ. बोलणं किरकोळ. सगळं घाऊक एकत्र मोजलं की त्याचं नाव जात होतं. पेपर सुटं विकतो.

२०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत एका तरुणाला मारून टाकला. सगळ्यांना आठवत असेल तो 'रिंगटोनवरून'. मोबाईल वाजला, त्यावरून. नुसतं 'रिंगटोन' वाचलं की वाटतं, काय ही आजची पोरं, एवढ्याशावरून जीव घेतात. पण ते गाणं बाबासाहेबांवरचं होतं हे वाक्यात घाला, मग बघा कारणाचं वजन कसं बदलतं. ते गाणं ऐकू आलं म्हणून ज्याचं डोकं फिरलं त्याच्या लेखी ते किरकोळ नव्हतंच. त्याला नीट कळलं होतं की हे केवढं मोठं आहे. कळलं नाही ते फक्त बातमी लिहिणाऱ्याला. किंवा कळून वळलं नाही, माझ्यासारखं.

नामांतराचंही हेच. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं ठराव केला, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव. किती विद्वानांनी तेव्हा शहाणपण सांगितलं, नावात काय आहे, विकासाचं बोला, नावासारख्या किरकोळ गोष्टीवर शक्ती कशाला घालवता. बरं. नाव एवढं किरकोळ होतं तर ते देऊन टाकायला १४ जानेवारी १९९४ का उजाडावा लागला? किरकोळ नावासाठी वस्त्या का जाळल्या? मागणारा मागतो तेव्हा ते किरकोळ असतं, नि द्यायची वेळ आली की त्यात यांचा सगळा गावगाडा येतो.

१९७२ च्या १५ ऑगस्टच्या 'साधने'त राजा ढाले यांनी 'काळा स्वातंत्र्यदिन' लिहिला तेव्हा महाराष्ट्र कशानं चिडला? शिव्यांनी नव्हे, एका हिशेबानं. ब्राह्मणगावला दलित बाईची विटंबना झाली होती. ढाल्यांनी दोन दंड शेजारी शेजारी ठेवले. बाईचं लुगडं फेडलं तर पन्नास रुपये, राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर तीनशे. दोन आकडे एका तागडीत घातल्याबरोबर सगळ्यांना ध्वज दिसला, पन्नास रुपये कोणालाच दिसले नाहीत. आपल्या चळवळीचं लिखाण तिथून शिकलंय. विशेषण खोडायचं नि तिथं आकडा ठेवायचा, गावाचं नाव ठेवायचं, वस्तू ठेवायची. 'अमानुष', 'निर्घृण', 'काळिमा' ही आपली विशेषणंही तितकीच आळशी आहेत, हेही सांगून ठेवतो. आपल्याच नियतकालिकांतून वाचवत नाहीत इतकी झालीत. 'अमानुष अत्याचार' म्हटलं की तिथंसुद्धा चार ओळी मिटतात, फक्त आपल्या बाजूनं.

घरातलंही सांगू? ह्या खोलीत बाया कमी आहेत, पाचच दिसतात, म्हणून सांगतो. रात्री कार्यकर्ता मोर्च्यावरून घरी जातो, बायकोवर हात टाकतो, शेजारी धावून आले की काय म्हणतो? "काही नाही, किरकोळ." भांड्याला भांडं लागतंच म्हणतो. अंमलदाराचा शब्द नि आपला शब्द एकच. माझ्या आईच्या कपाळावर एक व्रण होता. लहानपणी विचारलं की म्हणायची, पाटा पडला. पाटा कपाळावर कसा पडेल हे मला कळायला फार वर्षं लागली.

तर परवा असंच एका ठिकाणी हे बोललो तेव्हा पाठीमागून एक पोरगा उठला. एका पोर्टलवर बातम्या लिहितो. म्हणाला, "सर, बोलायला ठीक आहे. आम्हाला दिवसाला तीस बातम्या टाकायच्या असतात. तेव्हा सात ओळी होत्या, आता साठ शब्द आहेत. मग लिहायचं काय?" प्रश्न बरोबर आहे. मोबाईलवर जागा अमर्याद म्हणतात, नि बातमी पहिल्यापेक्षा तोकडी झालीय. शब्द मात्र तोच तग धरून राहिला. माझ्या पाकिटातली निम्मी कात्रणं कागदाची नाहीतच, फोनवरनं छापून घेतलेली आहेत.

मी त्याला म्हणालो, थांब, लिहून दाखवतो. नि खरं सांगू, ती बातमी मी १९९८ पासून मनात लिहितोच आहे. त्याच्या वहीच्या पानावर लिहिली. तीच तुम्हाला वाचून दाखवतो. गाव नि नावं आजही गाळतोय, कारण तो पोरगा तिथंच राहत असेल.

'बौद्धवस्तीतील हातपंप बंद असल्याने वरच्या आळीतील हातपंपावर पाणी भरणाऱ्या बौद्ध तरुणाला तिघांनी मारहाण केली. त्याचे पुढचे दोन दात पडले. दात पडणे ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. पोलिसांनी साधी दुखापत नोंदवली. अत्याचार प्रतिबंधक कायदा लावलेला नाही. वस्तीतील हातपंप अद्याप बंद आहे.'

पोरानं शब्द मोजले. बरोबर चाळीस भरले. पेपरात त्या सात ओळींच्या जागेत जेमतेम बसली असती, नाहीतर पावसाचा अंदाज काढावा लागला असता. तो अंक मी जपून ठेवलाय. पाऊस सरासरीइतका पडेल असं त्यात म्हटलंय. त्याच पानावर, त्या बातमीच्या बरोबर खाली, त्याच गावच्या सरपंचाला वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत. दोन कॉलम, दहा सेंटिमीटर, फोटोसह.